पाट्यावरचा अपेंडिसायटिस

आमच्या घरात अपेंडिक्सचं ऑपरेशन अजून कुणाचंच झालेलं नाही. पण ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द न अडखळता म्हणता येत नाही, असंही आमच्या घरात कुणी नाही. म्हणायचा तोही तुकडे पाडून आणि चौथ्या तुकड्यावर जोर देऊन. अ-पेन-डि-साय-टिस. पाहुणे दचकतात. नवीन सुना पहिल्या उन्हाळ्यात घाबरतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतःच म्हणायला लागतात. या सगळ्याला कारण मी आहे, म्हणून ही हकीकत मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगायला बसलं की मला त्यात फार हुशार करून टाकतं, आणि मग खरी गंमत निघून जाते.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या आगेमागेची. आम्ही तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याकडे राहायचो. दोन खोल्या आणि समोर शेजाऱ्यांशी सामायिक अंगण. आमचे हे कामठीला नोकरीला. माझी शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले आणि इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, पण अर्ध्याच. (पुडीचा कागद नेमका गोष्ट रंगात आली की फाटलेला असतो.)

माझी नणंद कुसुम सावनेरहून नर्सिंग शिकायला नागपुरात आली होती. राहायला होस्टेल, सुट्टीला आमचं घर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिला पाठवायलाच तयार नव्हते. यांनी महिनाभर विनवण्या केल्या, मी महिनाभर त्यांच्या आवडीच्या भाज्या केल्या, तेव्हा कुठे ते वळले. पण अट घालूनच.

“शिकू दे. पण एकदा जरी नापास झाली, त सरळ घरी आणीन. कळमेश्वरचं एक पोरगं पाहून ठेवलं आहे मी. ते थांबाले तयार आहे.”

पोरगं थांबायला तयार आहे, याचीच कुसुमला जास्त भीती वाटायची.

पोरगी हुशार होती बरं का. लेखी परीक्षेत कधी मागे नाही. अडचण होती ती तोंडाची. पहिल्याच महिन्यात वर्गात उभी राहून तिनं ‘न्यूमोनिया’च्या आधीचा ‘प’ चांगला ठणकावून म्हटला होता. पुस्तकात छापलाय म्हटल्यावर माणूस म्हणणारच ना? तर कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की तेव्हापासून लांब शब्द पुढे आला की हिचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. पहिला तुकडा बाहेर यायचा आणि बाकीचा शब्द आतच राहायचा. आणि वर्षाच्या शेवटी जी तोंडी परीक्षा होती, तीत असल्या शब्दांशिवाय दुसरं काही विचारतच नाहीत म्हणे.

परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि कुसुम पुस्तकांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. चेहरा पार उतरलेला.

“वहिनी, मले सगळं येते. पण मी बोलू नाही शकत.”

“काहून?”

“हे शब्द आपले नाही. इंग्रजांचेही नाही. आमची सिस्टर म्हणते, ग्रीक लोकांचे आहेत.”

“अन् तो ‘प’ बोलायचा नाही, त लिहिला काहून त्यायनं?”

“लिहायचा. पुढेच उभा करायचा. पण त्यानं आवाज नाही करायचा.”

“म्हणजे मामाजींसमोर मी,” मी म्हटलं. (मामाजी आले की मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहायची. हजेरी पूर्ण, आवाज काही नाही. ग्रीक लोकांच्या घरीही सुना असणार, हे मला त्या दिवशी कळलं.)

कुसुम बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिनं मला सिस्टरचा कानमंत्र सांगितला. सिस्टर म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या केरळच्या बाई. मराठी जेमतेम, हिंदी मोडकी, पण जीव फार चांगला. त्या म्हणायच्या, शब्द कितीही लांब असो, तो जोडून जोडून केलेला असतो, तेव्हा तोड के बोलो. आणि एका तुकड्यावर वजन टाको. शेवटी ‘आयटिस’ आलं तर वजन ‘आय’वर. ‘मेगली’ आलं तर ‘मे’वर. ‘टमी’ आलं तर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. वजन बरोबर पडलं की बाकीचे तुकडे आपोआप रांगेत येतात.

तुकडे पाडून एकावर वजन टाकायचं, एवढंच मी ऐकलं आणि मला वाटलं, अगं, हे तर मला येतं.

कारण ते आमचे पापडांचे दिवस होते. उडदाच्या पापडाचा उंडा ज्यांनी कुटला आहे त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पापड फक्त दुकानातून आणले त्यांना सांगून पटायचं नाही. दगडी पाट्यावर तेलाचा हात फिरवायचा, त्यावर तो पिठाचा विटेसारखा घट्ट उंडा ठेवायचा आणि लोखंडी मुसळानं कुटत सुटायचं. समोरासमोर दोघी. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. हळू घाव, हळू घाव, मग एक दणका, की उंडा लोण्यासारखा मऊ. माझ्यासमोर कुटायला असायच्या शेजारच्या कौसाकाकू. साठीच्या जवळ आलेल्या, पण त्यांचा दणका बसला की आमच्या फळीवरचे डबे जागचे हलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुसुमला पाट्याजवळ बसवलं.

“तू पहिला तुकडा म्हण. मंग एका तुकड्याले एक घाव. जिथं वजन, तिथं काकूंचा दणका.”

“आणि मी चुकली त?”

“या आवाजात कोणाले ऐकू येऊन राहिलं वं?”

हे मात्र खरं होतं, आणि तेच कामाला आलं. त्या दणदणाटात कुसुमचं तोंड उघडलं. अ-पेन-डि-साय-टिस. ‘साय’वर काकूंचा घाव असा बसायचा, की तो शब्द वेडावाकडा जायची हिंमतच करायचा नाही. दोन दिवसांत पोरगी घडाघडा बोलायला लागली. हे-पॅ-टो-मे-ग-ली. ट्रे-कि-ऑस-ट-मी. आम्हीही मागून म्हणायचो. ताल धरला की तोंड गप्प बसत नाही. संध्याकाळी कामठीहून आले की हे अंगणाच्या फाटकाशीच थबकायचे.

“कोणत्या देवाची आरती आहे ही?”

“ऑस-टि-ओ-माय-लाय-टिस,” काकू मुसळ न थांबवता म्हणायच्या.

“नवसाला पावते काय?” हे म्हणायचे आणि हात-पाय धुवायला जायचे.

एकच गोष्ट आम्ही केली नाही, आणि ती इथे सांगून ठेवते. पहिल्या दिवशी कुसुम उत्साहाने एका शब्दाचा अर्थ सांगायला लागली. कुठं सूज येते, कुठं पू होतो, असं काहीसं. कौसाकाकूंनी मुसळ बाजूला ठेवलं.

“नाव घे, बापू, हजार वेळा घे. पण अर्थ नको सांगू. अन्नापाशी बिमारीची गोष्ट नाही करत. हे पापड वर्षभर खायचे आहेत आपल्याले.”

ते मलाही पटलं. तेव्हा सावनेरच्या घरी जेवताना कुणी साध्या सर्दीचं नाव काढलं तरी सासूबाई ताटाभोवती पाणी फिरवायच्या. मग आम्ही ठरवलं, पाट्याजवळ फक्त नावं. अर्थ कुसुमनं एकटीनं खोलीत पाठ करायचे. अशा रीतीनं सुट्टी संपेपर्यंत मला आणि काकूंना जगातले पुष्कळ रोग शुद्ध बोलता यायला लागले, आणि त्यांतला एकही कुठल्या अवयवाला होतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मामाजी सावनेरहून पहिल्या बसनं आले. म्हणाले, “निकालासाठी कायले थांबायचं, तिच्या तोंडावरूनच समजते.” कुसुमचं तोंड त्या क्षणीच नापास झालेलं दिसत होतं. तिला एकटी कशी सोडायची, म्हणून मी निघाले. मी निघाले म्हणून कौसाकाकू निघाल्या. पोळ्या आणि तिखट सांजाचा भलामोठा पितळी डबा घेतला आणि आमची वरात हॉस्पिटलात पोचली.

मामाजी फाटकाजवळच्या झाडाखाली बसले आणि थोड्या वेळात तिथंच पेंगायला लागले. आम्ही दोघी परीक्षेच्या खोलीबाहेर, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर. बाक जुना, आतून पोकळ, नुसतं बसलं तरी बोलायचा. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षक पुण्याकडचे कुणी मोठे डॉक्टर होते. जाड आवाज, सगळं इंग्रजीतून. मला त्यातलं ‘व्हॉट’ तेवढं समजत होतं.

कुसुम आत गेली. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. मग कुसुमचा बारीक आवाज आला. “अ…”

पुढे काही नाही.

“येस?” डॉक्टर म्हणाले.

“अ…”

आता मी देवाशपथ सांगते, मी ठरवून काही केलं नाही. महिनाभराची सवय. पहिला तुकडा कानावर पडला आणि माझा हात आपसूक बाकावर आपटला. ठक. ठक. आणि तिसऱ्या घावाला शेजारून कौसाकाकूंची मूठ, धडाम.

“…पेन-डि-साय-टिस!” आतून शब्द पुरा झाला, एका दमात.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही काय केलं हे दोघींनाही कळलं होतं, पण इतकं चांगलं जमल्यावर थांबणार कोण? पुढचा प्रश्न. “हे…” म्हणून कुसुम अडकली, की आमचं इकडे सुरू. मग “ट्रे…” तिसऱ्या शब्दाला तर मी डब्याचं झाकणही वापरलं. आत पोरगी बंदुकीच्या गोळीसारखे शब्द सोडत होती, बाहेर बाक घुमत होता, आणि कौसाकाकूंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की जणू त्यांनीच ग्रीक लोकांना बोलायला शिकवलं.

मग एकदम सगळं थांबलं. दार उघडलं. दारात ते डॉक्टर उभे, मागे सिस्टर, आणि सिस्टरच्या मागे पांढरीफटक पडलेली कुसुम.

“बाहेर काय चाललंय हे?” डॉक्टर म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“काही नाही जी,” काकू म्हणाल्या. “डबा बंद करून राहिलो होतो.”

“डबा असा बंद करतात? ही मुलगी अडली की तुम्ही ठोकता. तुम्ही ठोकलं की ही उत्तर देते. या खुणा आहेत. सरळ सरळ कॉपी आहे ही. मी हिला परीक्षेला बसू देणार नाही.”

नापास झाली तर घरी, अशी अट होती. इथं तर नापास व्हायलाही मिळत नव्हतं. त्यात एवढ्या आवाजानं मामाजी जागे होऊन झाडाखालून आमच्याकडे यायला निघालेले मला दिसले.

सिस्टर मध्ये पडल्या. “सर, ये लोग आन्सर कैसे बताएगा? इनको मालूम नहीं है.”

“असं?” डॉक्टर माझ्याकडे वळले. “बाई, आत्ता तुम्ही जे ठोकलं, त्यातला एक शब्द म्हणून दाखवा.”

तोवर मामाजी येऊन उभे राहिलेले. पदर डोक्यावर, तोंड बंद, हा माझा आजवरचा नेम. पण कुसुमकडे पाहिलं आणि बोलले. “हे-पॅ-टो-मे-ग-ली.” सवयीनं ‘मे’ला बाकावर एक हलकीशी टिचकीही दिली.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. “उच्चार अगदी बरोबर आहे. मग याचा अर्थही तुम्हाला ठाऊक असणारच.”

आता इथं शहाण्या बाईनं काय म्हणावं? ‘मले नाही माहीत’ म्हणावं आणि सुटावं. पण सासरे समोर उभे. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलेलं, तेही चक्क ग्रीक भाषेत. परीक्षकाने ‘अगदी बरोबर’ म्हटलेलं. अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणून सगळी कमाई घालवायची? माझ्यात काय संचारलं देव जाणे. मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, “माहीत आहे ना. ती मानेची बिमारी आहे. मान लांब होते.”

कुसुमने डोळे मिटून घेतले.

“मान,” डॉक्टर म्हणाले. “आणि ट्रेकिऑस्टमी?”

“ते बायकांचं आहे,” मी आवाज बारीक करून म्हटलं. “इथं माणसं उभी आहेत, नाही सांगता येत.”

(पहिलं म्हणजे यकृत वाढणं, आणि दुसरं म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडणं. हे मला पुढे कुसुमनं सांगितलं. पापड संपल्यावर.)

“आणि अपेंडिसायटिस?”

आता मी थांबायचं नाव घेईना. “तो डोक्यात होतो. फार विचार केल्यानं.”

काकू शेजारून मान हलवून दुजोरा देत होत्या. “आमच्या जेठाले झाला होता.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. रुमालानं डोळे पुसले. बराच वेळ पुसले. त्यांचे खांदे हलत होते. सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मामाजींना काही समजलं नव्हतं, पण सून डॉक्टराशी एवढं बोलते आहे म्हणून ते थोडे सरळ उभे राहिले होते.

“कॉपीचा आरोप मी मागे घेतो,” डॉक्टर शेवटी म्हणाले. “या बाईंची मदत घेऊन कुणीही पास होऊ शकणार नाही.”

माझ्या अज्ञानाचा इतका मानसन्मान त्याआधी किंवा त्यानंतर कधी झाला नाही. मी हात जोडले.

“पण एक शब्द हिला माझ्यासमोर म्हणावा लागेल. न ठोकता. रोग्याच्या खाटेशेजारी तुम्ही बाक घेऊन बसणार आहात का?”

त्यांनी दार उघडंच ठेवलं. फळ्यावर खडूनं एक शब्द लिहिला, मालगाडीसारखा लांब. तो आम्ही कधी कुटलाच नव्हता. सिस्टरांनी आम्हाला नजरेनंच सांगितलं, हात आवरा. कौसाकाकू तर दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या आणि वरून डोळे मिटून घेतले, न जाणो डोळ्यांनीही ठोका दिला तर.

कुसुम फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ग्लो… मे… रू… लो…” आणि ‘रू’वर भलताच जोर पडला. अगदी माझ्या कानालाही समजलं, की वजन चुकीच्या जागी पडलं.

आता संपलं, असं मला वाटलं. ओठ पुन्हा शिवले जाणार, कळमेश्वरचं ते थांबलेलं पोरगं उठून उभं राहणार.

पण कुसुम हसली. चक्क हसली, परीक्षकासमोर. म्हणाली, “सॉरी सर, चुकली. पुन्हा म्हणते.” आणि मग सावकाश, एकेक तुकडा जागेवर ठेवत, “ग्लो-मे-रु-लो-ने-फ्राय-टिस.” ‘फ्राय’वर वजन, काकूंच्या मुसळासारखं. आणि लगेच इंग्रजीतून त्याचा अर्थ. तो मला समजला नाही, पण डॉक्टर मान डोलावत होते, आणि सिस्टर भिंतीकडून वळून माझ्याकडे पाहत होत्या, डोळे भरलेले.

“गुड,” डॉक्टर म्हणाले. “जा. पाठवा पुढचीला.”

त्या सिस्टरांचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मोजत नाही, कारण ते मोजता येण्यासारखे नाहीत. दुसरा एखादा असता तर कागदावर एक रेघ मारून मोकळा झाला असता. त्यांनी आमच्यासारख्या दोन बायांचं सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला आणखी एक शब्द दिला. पुष्कळदा माणसाला एवढंच हवं असतं, आणखी एक शब्द. कौसाकाकूंचा तर जन्मभराचा उपकार. त्यांनी कुसुमसाठी त्या उन्हाळ्यात आमच्या घरचे, त्यांच्या घरचे आणि त्यांच्या माहेरचेही पापड कुटले, शब्द संपत नव्हते म्हणून.

बाहेर येऊन मामाजींनी आधी डबा उघडला. डब्यातला सांजा निम्मा खाऊन झाल्यावर म्हणाले, “कळमेश्वरले निरोप देऊन टाकतो. म्हणा, थांबू नका.” आणि थोडं थांबून, माझ्याकडे न पाहता, “सूनबाई, ते मानेचं खरं आहे काय? माही मान दुखते आजकाल.”

परत येताना सायकलरिक्षात मी आणि कुसुम. मला राहवलं नाही.

“कुसुम, खरं सांग वं. तो शब्द त आपण कधी कुटला नव्हता. मनातल्या मनात माझाच ठोका ऐकला ना तू?”

“नाही वहिनी.”

“मंग?”

ती माझा हात धरून म्हणाली, “तुम्ही एवढ्या मोठ्या डॉक्टरासमोर, बाबांसमोर, सिस्टरसमोर, इतलं चुकलात. इतलं, की त्याच्या वर चुकताच येत नाही. अन् तरी तुम्हाले काहीच झालं नाही. तुम्ही तशाच ताठ उभ्या. मले वाटलं, मंग एका ‘रू’साठी मी काहून मरून राहिली?”

कुसुम पुढे मोठी सिस्टर झाली, तिच्या हाताखाली कितीतरी मुली शिकल्या, आणि आमच्या नात्यागोत्यात सगळे सांगतात की कुसुमला तिच्या वहिनीनं घडवलं. मी आपली मान खाली घालून ऐकते. महिनाभर हात दुखेस्तोवर मुसळ मारून मी तिला जे शिकवलं त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि ज्याचा झाला ते मला आधीपासूनच फार छान येत होतं.